उगमदेश

इंदिरा गोदी, शेड नंबर सोळा.
जेनोआहून आलेलं खोकं एक, आत बंदुका बारा.
मालाचं वर्णन मीच टाइप केलं होतं:
जुन्या लष्करी रायफली, निकामी केलेल्या, शोभेसाठी.
आयातदार नोशीर अंकलेसरिया, फोर्टात दुकान,
आजोबांच्या वेळचा परवाना भिंतीला टांगलेला,
हल्ली गिऱ्हाईक म्हणजे सिनेमावाले,
नाहीतर दिवाणखान्यात काहीतरी हवं असलेले.

चौदा महिने हे खोकं मी कागदावरून ओढत आणलं.
दिल्लीची परवानगी, पोलिसांचं पत्र,
त्या पत्राला उत्तर, उत्तराची झेरॉक्स,
झेरॉक्सवर शिक्का नाही म्हणून पुन्हा दिल्ली.
तेवढ्यात माझी एक दाढ गेली
आणि अंकलेसरियांची बायको.

खोब्रेकर मॅडम आल्या, चष्मा पुसला.
हमालाने पहार घातली, खिळे कुरकुरले,
आणि आतून जवसाच्या तेलाचा वास आला,
बॅटीला लावतात त्या.

नळीत पोलादी कांडी, वर वेल्ड.
पोलिसांचे तज्ज्ञ तार घालून पाहत गेले:
जात नाही. जात नाही. जात नाही.
बारा वेळा त्यांना समाधान वाटलं.

मग मॅडमनी टॉर्च धरला.
लोखंडावर मुकुट, खाली इशापूर, सन बेचाळीस.
"अहो, ह्या तर इथल्याच."
फॉर्मात रकाना असतो, उगमदेश.
मी इटली लिहिलं होतं.
त्यांनी खोडलं, वर भारत लिहिलं, सही केली.
शुल्क मात्र तेवढंच राहिलं.
परत येणाऱ्याला सवलत मिळते म्हणे,
पण गेल्याची पावती लागते.

सातव्या बंदुकीच्या दस्त्यावर
चाकूने मारलेल्या रेघा, एकतीस.
तज्ज्ञ म्हणाले, मारलेली माणसं.
मला त्या दुधाच्या हिशोबासारख्या वाटल्या,
दाराच्या चौकटीवर असतात तशा.

दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण,
आत तेलाची कुपी नि नळी पुसायची दोरी ठेवायला.
अंगठ्याने दाबलं. कुपी नव्हती.
चिंधीची पुरचुंडी, आणि तिच्यात
पाच दाणे.

"कुळीथ," मॅडम म्हणाल्या. त्या वेंगुर्ल्याच्या.
"हुलगा," मी म्हणालो. आम्ही माणचे.
फॉर्मात दोन्ही चाललं नाही.

इथून पुढे सगळं अवघड झालं.
बंदुकांना परवाना होता. दाण्यांना नव्हता.
बियाणं परदेशातून आलं की रोग नसल्याचा दाखला लागतो,
आणि तो तपासणारा माणूस वाशीहून यायचा होता.
बंदुका मेलेल्या, हे बारा वेळा सिद्ध झालेलं.
दाण्यांचं तसं कोणी छातीठोक सांगेना.
म्हणून बंदुका सुटल्या,
दाणे अडकले.

उगमदेश?
मॅडमचं पेन थोडा वेळ तसंच राहिलं.
कोणी बांधून दिले, कुठल्या वावरातले,
एकतिसाव्या रेघेनंतर त्याचं काय झालं,
ही चौकशी फॉर्म करत नाही.
अज्ञात, त्यांनी लिहिलं.
वजन: काटा हलला नाही.
नग: चार.

मी त्यांच्याकडे पाहिलं.
त्या टॉर्चचे सेल काढत होत्या.

घरी, घाटल्याला, वाटीत पाणी घेऊन तो टाकला.
रात्रभर झाकून ठेवला.
सकाळी पाणी किंचित लालसर.
दाणा तसाच, खडा.
आई मागून वाकून बघत होती.
"एका हुलग्याचं काय माडगं हुनार?" म्हणाली,
आणि डब्यातले मूठभर आणून
त्याच वाटीत ओतले.